नऊ वाजता सुरू केलेली मोजणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. त्या चौकाचा विषय निघाला की मी टेम्पोवाल्यांना, लोकांच्या घाईला शिव्या घालून मोकळा व्हायचो. आता पंचाहत्तरी उलटल्यावर तीही पळवाट नको वाटते.

रस्त्यांचे आराखडे करून देणाऱ्या एका छोट्या खाजगी कचेरीत माझी शेवटची नोकरी होती. इंदिरानगरात, माझ्या घराजवळच्याच एका चौकाचं काम आमच्याकडे आलं. पहिल्या नकाशात मी चारही कोपरे आवळून काढले होते. कोपरा आवळला की डावीकडे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो आणि सरळ जाणारा सायकलवाला चालकाला दिसतो. कोपरा पसरट गोल केला की गाडी ब्रेक न लावता वळते आणि सायकलवाला तिच्या पुढ्यात सापडतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारा शेजारी कंपनीत पहिल्या पाळीला सायकलने जायचा. मूळचा दिंडोरीकडचा. सकाळी सहाला मी दुधाची पिशवी आणायला उतरायचो तेव्हा तो हँडलला डबा अडकवत असायचा.

"काय साहेब, चौक तुमच्याकडंच आलाय म्हणे? आमच्यासाठी बी चार बोटं जागा ठेवा. ते वळणारे लय दाबतात."

"ठेवू की," मी म्हणालो.

आवळलेल्या कोपऱ्यावर मोठ्या गाड्यांना वळायला त्रास होणार, म्हणून काम देणाऱ्यांनी विचारलं, "सायकली आहेत तरी किती?" मग वाहनांची मोजणी आली. आमची मोजणारी माणसं मिसळ खाऊन नऊला कोपऱ्यावर खुर्च्या टाकायची. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. तोवर पहिली पाळी केव्हाच कंपनीत पोचलेली असायची. साहजिकच सायकलींचा रकाना जवळजवळ कोरा आला. एक दिवस सहाला जाऊन बसा, एवढंच मला सांगायचं होतं. पण पुन्हा मोजणी म्हणजे पुन्हा वाद, आणि मला निवृत्तीआधी फाईल हातावेगळी करायची होती. 'सायकलींचं प्रमाण नगण्य' असं लिहून मी सही केली आणि कोपरे गोल करून टाकले.

चौक झाला तेव्हा सोसायटीत माझं कौतुक झालं. त्याच हिवाळ्यात, सकाळी कामावर जाताना, डावीकडे वळणाऱ्या टेम्पोनं त्या शेजाऱ्याला उडवलं. गुडघा कायमचा गेला. मशीनवर उभं राहणं जमेना, नोकरी सुटली.

मी सफरचंदं घेऊन भेटायला गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

"तुम्हीच सांगा भाऊ यांना," त्याची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली. "पन्नाशी आली, तरी डोळे मिटून सायकल हाणायची. घरादाराची वाट लावली."

तो कसनुसं हसला. "खरं बोलती ती. चूक माझीच, साहेब. तुम्ही चौक एवढा ऐसपैस केला, त्यात बी मला मावता आलं नाय."

ती पुन्हा बोलली, त्यानं पुन्हा मान डोलावली. मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तिनं साखर विचारली. दुसऱ्यांदा कुणीच काही विचारलं नाही, तरी मी गप्प बसलो. "जपा," म्हणालो आणि कप ठेवून उठलो.

पुढे ते कुटुंब गावी गेलं. एकदा मी एसटीने दिंडोरीपर्यंत गेलो, स्टँडवर तासभर बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो. गेल्या वर्षी तो वारल्याचं कळलं. शेवटपर्यंत तो स्वतःलाच दोष देत होता, आणि ती त्याला.

त्या दिवशी, चहा होत असताना, तिच्यासमोर मला एवढंच म्हणायचं होतं: वहिनी, यांना बोलू नका. हे नीट बघूनच चालवत होते. तो कोपरा मी आखला, आणि यांना रोज सकाळी जाताना पाहूनही कागदावर मोजलं नाही. मला माफ करा.