मंडईच्या दिवसाचा मावसभाऊ

नागभीडजवळच्या आमच्या किरायाच्या घरी मंडईच्या दिवशी जो माणूस कोंबडीचा रस्सा ओरपून गेला, तो माझा मावसभाऊ नव्हता. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि घरमालकीणबाईंना तर नाहीच नाही. मुळात मला मावसभाऊ असण्याचा प्रश्नच नाही. आईला बहीण नव्हती.

तो वसुलीवाला होता.

घर चंद्रपूरला, पण भानगड सुरू झाली मोहर्लीच्या जंगल गेटवर. ताडोब्यात पर्यटक फिरवायला मी कर्ज काढून जिप्सी घेतली. कमी पडले ते सासऱ्यांकडून घेतले. मग लॉकडाऊन लागला आणि जंगलाचं गेट बंद झालं. वाघ निवांत झाले, हप्ते मात्र झाले नाहीत. शेवटी फायनान्सवाल्यांनी गाडी उचलून नेली, ती लिलावात मातीमोल गेली आणि उरलेलं कर्ज माझ्या नावावर तसंच राहिलं. मी फोन उचलणं बंद केलं. नागभीडकडे एका राइस मिलमध्ये काम मिळालं, तसं बायको-मुलीला घेऊन चंद्रपूर सोडलं. सोडलं कसलं, पळालोच.

घर मिळालं ते दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका आयाबाईंचं. मुलगा पुण्याला, त्या एकट्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, ओट्यावर बाज, मागच्या दोन खोल्या किरायानं द्यायच्या. बाईंनी डिपॉझिट मागितलं नाही, कागद मागितला नाही. एकच गोष्ट विचारली.

"कर्ज-बिर्ज नाई ना जी कोणाचं? मागचा किरायादार लई गोड बोले. मंग वसुलीवाले माह्याच दारात येऊन बोंबलत. सारं गाव पाहे. आता माह्या दारात वसुलीवाला उभा राह्यला, का दुसऱ्या दिवशी घर खाली. सांगून ठेवतो."

"नाही," मी म्हणालो. बायको पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून दारात मोटारसायकल थांबली की मी मागच्या खोलीत शिरून आतून कडी घालायचो. शेजाऱ्यांशी बोलायचं नाही, कोणाला घरी बोलवायचं नाही, असा नेम करून टाकला होता. या घरातून निघालो असतो तर दुसरीकडे डिपॉझिट भरायला खिशात दमडी नव्हती, आणि पोरगी नुकतीच नव्या शाळेत रुळत होती.

दिवाळीनंतर मंडई आली. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे जत्रा, दुकानं, पाळणे आणि गावातल्या मंडपात नाटक. पण खरी मंडई घराघरांत असते. ज्याच्या गावात नाटक, त्याच्या घरी पाहुणे. ओळखीचे, बिनओळखीचे, पाहुण्यांचे पाहुणे. त्या दिवशी दारात आलेल्या माणसाला "काऊन आले?" असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. पहिले पाय धुवायला पाणी, मग ताट. ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याची गावाला कीव येते.

बायको ब्रह्मपुरीला तिच्या आईला आणायला गेली होती, पोरगीही तिच्यासोबत. मी दुपारी मिलमधून आलो, तर ओट्यासमोर काळी मोटारसायकल. हँडलला लाल हेल्मेट. ते हेल्मेट मी चंद्रपूरच्या घराच्या खिडकीच्या फटीतून इतक्यांदा पाहिलं होतं, की झोपेतही ओळखलं असतं.

तो बाजेवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात ताट. बाई उडदाचा वडा वाढत होत्या.

"पुरे बाई, लई झालं."

"काय पुरे? मोटारसायकलवर एवढ्या दूरून आले, अन् दोन वडे खाता का? लोक हसतीन मले." मग माझ्याकडे वळल्या. "आले का जी? हे कवाचे बसून हायेत. काम हाये, काम हाये, एवढंच म्हणून राह्यले. म्हणलं, मंडईच्या दिवशी कसलं काम? पहिले जेवा. कोण लागते तुमचे? तोंडावळा तर मावसभावासारखा दिसते."

तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याच्या हातात कोंबडीची तंगडी होती.

"मावसभाऊच," मी म्हणालो.

त्यानं तंगडी खाली ठेवली. आता हा तोंड उघडणार, आणि उद्या माझं सामान रस्त्यावर. पण बाईंनी तेवढ्यात त्याच्या भातावर रस्सा ओतला आणि स्वतः खाली बसल्या.

"बरं झालं तुम्ही आले. खरं सांगा मले. हा माणूस बोलतच नाई. घरी कोणी येत नाई, हा कोणाकडे जात नाई. काही भानगड तर नाई ना?"

त्यानं रस्सा-भाताचा एक मोठा घास घेतला.

"भानगड नाई जी," तो म्हणाला. "फोन उचलत नाई, हा एक दोष हाये त्याच्यात. लहानपणापासून."

"अन् पैशाले कसा हाये?"

"देते." त्यानं बोटं चाटली. "हळू देते, पण देते."

तोवर मी त्याला एक रुपया दिलेला नव्हता.

बाई खुश झाल्या. मी त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यानं हेल्मेट चढवलं आणि म्हणाला, "बाईच्या हातचं जेवलो. आता तिच्या दारात बोंबलता येत नाई मले. पण ऐक, पुढच्या महिन्यात मी उपाशी येईन."

"इथे नको. नागभीड स्टेशनवर या. चहाच्या टपरीपाशी. मी देतो."

"फोन उचलशील?"

"उचलीन."

उचलला. पहिल्या महिन्यात थोडेच देऊ शकलो. पण दिले. मग देत गेलो. फायनान्सवाल्यांशी बोलून हप्ता लहान करून घेतला, तेही त्यानंच शिकवलं. टपरीवर तो पैशांच्या आधी वड्यांची चौकशी करायचा. नवा तांदूळ निघाला की बाई पिशवी भरून माझ्याकडे द्यायच्या, "मावसभावाले द्या." आणि मी ती इमानानं द्यायचो. पुढच्या मंडईला त्याला बाईंचे खास निरोपावर निरोप. आला, तो स्वतःच्या बायकोला घेऊन. दोघं नाटकाला बाईंच्या सतरंजीवर पुढं बसले. माझी बायको मला म्हणाली, "हे कोणते भाऊजी?"

"दूरचे," मी म्हणालो.

तिनं पुढे विचारलं नाही. बाईंशी खोटं बोललो ही माझी पहिली लाज; माझ्यासोबत राहून तिला न विचारण्याची सवय लागली आहे, ही दुसरी.

जिप्सीचं कर्ज गेल्या उन्हाळ्यात फिटलं. त्यानं वसुलीचं काम सोडलं, आता ब्रह्मपुरीला हेल्मेटचं दुकान टाकलंय. आम्ही अजून त्याच घरात आहोत. बाईंनी मध्ये एकदाही किराया वाढवला नाही, कोणी विचारलं की सांगतात, "चांगल्या घरचा माणूस हाये. त्याचा मावसभाऊ पाहा ना."

मंडई जवळ आली आहे. बाईंनी उडीद भिजवायचा बेत आत्ताच सांगून ठेवलाय, आणि तो येणार आहे. यंदा ताटं वाढण्याआधी मी बाईंना सगळं सांगणार आहे, बायकोसमोर. घर खाली करा म्हणाल्या, तर करीन. त्याला मात्र जेवू घाला म्हणेन.

बाईंना खरं सांगणं बाकी आहे. सासऱ्यांचे साठ हजार बाकी आहेत.