मामांचा म्हातारा निवडुंग
विषुववृत्ताच्या कुशीत तीस वर्षं राहूनही पाऊस आला की ज्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखा वाटतो, असा माणूस साऱ्या सिंगापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. बायकोचे हे मामा बँकेच्या नोकरीसाठी इथे आले, इथलेच नागरिक झाले, निवृत्त होऊन बुकित बातोकमध्ये आमच्याच मजल्यावर राहू लागले. पण इथली हवा काही त्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही.

कारण त्यांचा निवडुंग. मेक्सिकोतल्या चुनखडीच्या दऱ्यांत, कोरड्या उभ्या कड्यांवर हा खांबासारखा सरळसोट वाढतो. अंगभर पांढरेशुभ्र केस. तिथलं ऊन आणि थंडी दोन्ही तो त्या केसांवर निभावतो. मामांनी तो बी पेरून वाढवला आणि सतरा वर्षांत तो माझ्या कमरेला लागला. फूल यायला म्हणे वीस फूट उंची लागते. आमची छतं साडेआठ फुटांवर! पण मामांचा राग निवडुंगावर नाही, छतावर. "घरं बांधताना झाडांचा विचार नको करायला?" असं ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही विचारतात. त्यांच्या हॉलमध्ये हवेतला ओलावा शोषणारं यंत्र दिवसभर घुरघुरतं. त्या गरम हवेत आम्ही घाम पुसत चहा प्यायचा, आणि मामा तान्ह्या बाळाच्या ब्रशने निवडुंगाचे केस विंचरणार. एकदा मी दारात ओली छत्री झटकली, तर आठवडाभर अबोला! डेंग्यूच्या डासांसाठी कुंड्या तपासायला आलेल्या सरकारी माणसाने इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत "व्हेरी ड्राय लाह, अंकल! गुड, गुड!" म्हटलं, तेव्हा मात्र त्याला बळेबळे बसवून चकली खायला घातली. या देशात आपली कदर करणारा तो एकटाच, असं मामा अजून म्हणतात.

गेल्या गणपतीत मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले आणि निवडुंग, यंत्र आणि एक चिठ्ठी आमच्या हॉलमध्ये ठेवून गेले. चिठ्ठीत एकच ओळ: 'पाणी घालू नये.' आता आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती. रोज अभिषेक, रोज पंचामृत. पूजेचं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं, हे माझ्या आईने मला लहानपणापासून बजावलेलं. घरात झाड म्हणाल तर एक तुळस, आणि ती तिसऱ्याच दिवशी गळ्यापर्यंत भरली. मग मी निवडुंगाकडे वळलो. चिठ्ठीत पाणी घालू नये असं होतं, हे तर तीर्थ! दूध, दही, मध, साखर, सगळं त्या मेक्सिकन म्हाताऱ्याच्या पायाशी मी मोठ्या भक्तिभावाने रोज ओतत राहिलो. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, मामा ओरडतील." मी म्हटलं, देवाच्या कामात कोण ओरडतं?

मामा परतले, खाली वाकले आणि बुंध्याला बोट लावलं. बोट आत गेलं. सतरा वर्षं आतून सडून गेली होती. मी कान पाडून उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. आभाळावर ओरडणारा, छतावर ओरडणारा हा माणूस बोट रुमालाला पुसत उठला. मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे, जावईबापू. सिंकमध्ये कसं ओतणार होतात तुम्ही?"

तेच मला फार लागलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

मामांनी सुरीने सडका भाग कापत कापत शेंड्याचा वीतभर धडका तुकडा वाचवला, तो कित्येक दिवस सुकवला आणि चुनखडीच्या खड्यांत रोवला. मूळ धरेल की नाही, कुणीच बोलत नव्हतं. पाऊस यायचा, जायचा, आणि ते खिडकीशी गप्प बसून राहायचे. ते घर असं मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा मी त्यांच्याकडे चहा घेत सहज त्या कुंडीवर वाकलो. शेंड्याला नव्या पांढऱ्या केसांचा कापसासारखा पुंजका फुटला होता. इतक्यात मागून गर्जना झाली, "तो कप लांब धरा! दिसत नाही का तुम्हाला?"

मी कप लांब धरला. मामा बराच वेळ ओरडत होते, आणि मी डोळे पुसत ऐकत होतो.