आडव्या बाटलीची विजयमाला

विजयमाला दिवसा बाटली आडवी करते आणि घरात नेऊन उभी करते, अशी कुजबूज पाथर्डीकडच्या त्या गावात पहिल्यांदा कल्याणच्या टपरीवर झाली. तिथली बातमी हातातला चहा निवायच्या आत वेशीपार जाते. ही तर चांगली चटकदार होती.

कारण विजयमाला म्हणजे गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडणारी बाई. मतदानाच्या दिवशी तिनं घराघरातून बायका काढल्या आणि आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या चिन्हावर, शिक्के मारून घेतले. उभी बाटली हरली. दुकानाशेजारची कल्याणची भुर्जीची गाडीही त्याच दिवशी बसली. हरलेल्यांच्या तोंडाला मात्र कुणी कुलूप लावलं नव्हतं.

पुढं दोनेक वर्षांनी विजयमालाचं तोंड लाल व्हायला लागलं. ग्रामसभेत बोलायला उठली की मानेपासून कपाळापर्यंत लाली चढायची, छातीत घरघर व्हायची. मग पोटात कळ, आणि बाई लगबगीनं घराकडं.

"चढली बघा," मागून कल्याण म्हणायचा, "आता उतरवायला चालली!"

सभा खो खो हसायची. सरपंचसुद्धा टोपी तोंडावर धरायचे.

हसणं विजयमालानं सोसलं. सोसवलं नाही ते एका दुपारचं. जेवून ती जरा लवंडली होती, डोळे मिटलेले. नवरा, सहादेव, पावलं न वाजवता आला, वाकला आणि त्यानं तिच्या तोंडाचा वास घेतला. तिनं डोळे उघडले नाहीत. पण जेवलं की तोंड तापतं, म्हणून त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर जेवेनाशी झाली. सभाही सुटल्या.

अंगावरचं मांस उतरलं तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करवली. लिव्हरमध्ये गाठी निघाल्या.

"घरात कुणी... म्हणजे, तुम्ही दारू घेता का?" त्यानं सवयीनं विचारलं. "नगरला जाऊन गाठीचा तुकडा तपासून घ्या."

ती तडक उठली. जीपमध्ये सहादेवला म्हणाली, "लिव्हर म्हनलं की गावाला एकच कळतं. माज्या नावाला ते चिकटवू नका. तपासनी न्हाई करायची."

सहादेवनं जोर केला नाही. कोणत्या तोंडानं करणार? वर्ष असंच गेलं.

पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा त्यानं तिचं ऐकलं नाही. नगरच्या डॉक्टर निवेदिताबाईंनी दारूचं विचारलंच नाही.

"लाली येते तेव्हा घाम येतो का, ताई?"

"न्हाई. कोरडीच आग हुती."

बाईंनी तुकडा तपासायला पाठवला आणि पुढं पुण्यात खास स्कॅन करवला. मग दोघांना समोर बसवून सांगितलं, "लिव्हरमध्ये गाठी आहेत, पण त्या लिव्हरच्या नाहीत. कॅन्सरच्या ह्या जातीला न्यूरोएंडोक्राइन म्हणतात. फुफ्फुसात होते, स्वादुपिंडात होते. तुमची मूळची आतड्यातली. मूळ जागा कळल्याशिवाय औषध नीट ठरत नाही. ही जात तशी सावकाश वाढते."

"मग बरं हाय की!" सहादेव म्हणाला.

बाईंनी हृदयाचा रिपोर्ट पुढं ओढला. "ती अंगात एक रस सोडत राहते. त्यानं हृदयाच्या झडपा आखडल्यात. आधी कळलं असतं, तर पुष्कळ करता आलं असतं."

विजयमालानं जगण्याचं काही विचारलं नाही. "दारूनं झालं न्हाई ना ह्ये?"

"मुळीच नाही."

"मग ह्यान्ला सांगा. जरा मोठ्यानं."

निवेदिताबाईंनी सांगितलं. सहादेव विजयमालाकडं वळला.

"त्या दुपारी तू जागी हुतीस?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुटं इचारलं? वासच घेतला."

औषधानं लाली उतरली. महिना दीड महिना ती त्याच्यासमोर बसून जेवली, आणि एकदा तर त्याच्या ताटातला कांदाही पळवला. मग हृदय थकलं.

दहाव्याला ओढ्याकाठी कल्याण सहादेवजवळ सरकला. "सहादूभाऊ, शेवटी लिव्हरच गेलं म्हनं?"

सभेत कधी तोंड न उघडलेला सहादेव उभा राहिला आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

विजयमालानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. तिच्या लहान आतड्यात गाठ होती. ती लिव्हरमध्ये पसरली होती. तिच्यातून रक्तात जाणाऱ्या रसानं तोंड लाल व्हायचं.