वाकायचं नाही, म्हणजे नक्की काय नाही

डॉक्टरांनी मला डाव्या पायाचा अंगठा वर उचलून धरायला सांगितला आणि एका बोटानं तो सहज खाली दाबला. "डिस्क प्रोलॅप्स," ते म्हणाले. म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणारी नस दबणं. "तीन महिने व्यायाम करून पाहू. अंगठ्यात ताकद आली नाही तर ऑपरेशन. मधेच लघवीवरचा ताबा सुटला तर एक तासही थांबू नका. आणि पुढे वाकायचं नाही."

मी राहते कुंभकोणमला, आडुतुरैच्या शाळेत गणित शिकवते. माझ्या पायाला भिंगरी. आमचे यजमान दिवसातून दहादा म्हणत, "सुम्मा निजून ऱ्हा गे." सुम्मा म्हणजे उगी, गप्प, हा तमिळ शब्द इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठीत कधीचाच मुरलाय. मी निजायची आणि पडल्या पडल्या अंगठा उचलून बघायची. शाळेतही टेबलाखाली चप्पल काढून तेच. ऑपरेशनची मला फार भीती वाटत होती.

फिजिओथेरपिस्टनं पिलाटेसच्या वर्गात पाठवलं. शिकवणारी सुमती दारासुरमच्या विणकरांच्या घरातली, माझ्या मुलीच्या वयाची. पिलाटेस म्हणजे चटईवर पडून पोटाच्या आतले आणि कमरेभोवतीचे स्नायू बळकट करायचे, म्हणजे पाठीचा भार ते वाटून घेतात. हिसका द्यायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. सरकलेली गादी यानं जादूनं आत जात नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मात्र तिच्याआधीच आकडे मोजून मोकळी व्हायची.

"टीचर, पाचच करा, पण श्वासासकट," ती म्हणाली. "उत्तर आधी लिहून गणित सुटतं का?"

हे मला चांगलंच झोंबलं.

दोन महिन्यांत पाठ हलकी झाली, सलग तासभर उभी राहू लागले. पण दर रविवारी पोटरीत कळ यायची आणि अंगठा पुन्हा ढिला पडायचा. एकच महिना उरला होता. मी मुलांवर विनाकारण खेकसू लागले.

सुमतीनं खोदून विचारलं, घरी कशाकशाला वाकता? मी म्हटलं, कशालाच नाही. बादली यजमान उचलतात, दारातला कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, तीसुद्धा तेच काढतात, आणि शेजारणी हसतात. कळ रविवारीच येते, मग शनिवारी काय करता? शनिवारी संध्याकाळी विठ्ठलाचं भजन. खुर्चीवर बसून.

"संपल्यावर?"

संपल्यावर आम्ही सगळे एकमेकांच्या पाया पडतो. त्यात लहानमोठं बघत नाहीत. तीसेक माणसं असतात.

"गुडघे ताठ ठेवून, कमरेतून?"

"हो."

"मग ते वाकणं नाही?"

"छे, तो नमस्कार," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

तिनं कपाळाला हात लावला.

पुढच्या शनिवारी मी हात जोडून भिंतीशी उभी राहिले. सगळे वाकत होते, मी एकटी ताठ. मेल्याहून मेल्यासारखं झालं. झांज वाजवणारे आमचे रामूमामा ऐंशीचे. ते सावकाश आले आणि माझ्या पाया पडले. मी मागे सरकले तर म्हणाले, "तूं बरी हो. तोंवर आम्ही वाकतों." मला रडू आवरेना.

रविवारची कळ थांबली. महिन्याभरानं डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट टेकलं. दाबलं. मग आणखी जोरानं दाबलं. अंगठा जागचा हलला नाही. "ऑपरेशन नको," ते म्हणाले. "व्यायाम सोडू नका."

तपासणीच्या बाकावर रिपोर्टचं पाकीट धरून बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगते. डॉक्टरांनी मना केलेली गोष्ट आपण कुठल्या चांगल्या नावाखाली करत नाही ना, हे आधी बघा. सुमतीनं विचारलं नसतं तर मी नमस्कार करत करत ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन पडले असते.