गप्प बसलेलं इंजिन

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधाचं माप, भाजीवालीची 'आत्ताच काढलेली' मेथी, लग्नात गरजेपेक्षा जास्त वाकून पाया पडणारी नवी सून, सगळ्यांकडे मी एकदा तिरक्या नजरेनं बघतेच. त्यात नोकरीही तसलीच मिळाली. साताऱ्यात एका विमा कंपनीसाठी मी अपघात झालेल्या गाड्या तपासते. समोरचा माणूस 'ताई, गाडी उभीच होती, कुणीतरी ठोकून गेलं' म्हणाला की त्याच्या तोंडाकडे न बघता मी आधी बंपरखाली वाकते. त्यामुळे वडिलांची जुनी गाडी एकाएकी वाजायची थांबली, तेव्हा बरं वाटायचं सोडून माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाडी पेट्रोलवरची, छोटी, पांढरी, वीसेक वर्षांची. आबा फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनवर घरी आल्यावर काही वर्षांनी त्यांनी ती घेतली आणि कडेगावजवळच्या आमच्या गावी घराशेजारी पत्र्याची शेड मारून तिथं उभी केली. आईचे गुडघे गेल्यापासून तिला एसटीची पायरी चढता येत नाही. सांगलीला डॉक्टरकडे, विट्याला मावशीकडे, जिथं जायचं तिथं तिला आबाच नेतात.

मागच्या दिवाळीत इंजिन कटकट वाजायला लागलं. पुण्याहून आलेल्या माझ्या भावानं बॉनेट उघडून डॉक्टरसारखं ऐकलं आणि निकाल दिला की असल्या गाडीचं इंजिन खोलण्यात अर्थ नाही, आवाज वाढला की भंगारात द्यायची. मीही मान डोलावली. आबांचं वय झालंय, तेवढंच त्यांचं गाडी चालवणं बंद होईल, असं म्हणाले. आबा पायरीवर बसून शेंगा फोडत राहिले. आमचे आबा गप्प बसले की पुढं काहीतरी होतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

थंडीत मी सुट्टी काढून गावी गेले. आबा कराडच्या स्टँडवर घ्यायला आले होते. गाडी सुरू झाली आणि मी कान टवकारले. कटकट नाही, काही नाही. शहाण्या पोरासारखं इंजिन मुकाट चाललं होतं.

"आबा, आवाज गेला की."

"बसलं आता."

"आपोआप?"

"इंजिन हाय त्ये. कवा वाजतंय, कवा न्हाई."

इंजिन म्हणजे काही सर्दी नव्हे, आपोआप बरं व्हायला. ही युक्ती माझ्या नेहमीच्या पाहण्यातली आहे. झिजलेली गाडी विकायला काढली की एजंट तिच्यात जाड ऑइल ओततात. आतल्या भागांमध्ये झिजून पडलेल्या फटी त्यानं भरतात, आवाज दबतो, धूरही कमी होतो. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवली की झालं.

डब्यावरचे आकडे लोक बघत नाहीत, पण सगळं त्यातच असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातलं ऑइल किती जाड ते सांगतो आणि नंतरचा तापलेल्या इंजिनातलं. आकडा मोठा तितकं ऑइल जाड. आमच्याकडं काकवी सगळ्यांना ठाऊक आहे. गुऱ्हाळावर ती पाण्यासारखी ओतता येते आणि तीच काकवी थंडीत बरणीतून निघता निघत नाही. आमच्या गाडीच्या पुस्तकात दहा-डब्ल्यू-तीस लिहिलेलं. इंजिन जुनं झालं की तापल्यावरचा आकडा एक पायरी वर नेला तर चालतं, कधी कधी मानवतंही. पण थेट वीस-डब्ल्यू-पन्नास ओतलं तर थंडीच्या सकाळी ते वर चढेपर्यंत इंजिनाचा माथा कोरडा घासत राहतो. एकदा तापलं की सगळं चिडीचूप. म्हणजे दुखणं आतच आणि वरून तोंडावर हात.

माझा पहिला संशय गॅरेजवाल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला जाऊन गाठलं.

"ताई, मी दिवाळीत पुस्तकातलंच आईल घातलं व्हतं," तो म्हणाला.

"मग आता आत काय आहे?"

तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. "आबांस्नी इचारा की."

आबांना विचारा म्हणणारा माणूस मला जास्तच लबाड वाटला. मग मी ऑइलच्या दुकानदाराला यादीत घेतलं, नकली माल विकला असेल म्हणून. नंतर चुलतभावाला घेतलं, कारण तो वरातीला गाडी नेतो आणि आणून लावताना नजर चुकवतो. आबांना कुणीतरी म्हातारा बघून गंडवतंय, याची मला खात्रीच झाली होती, आणि रागानं मला जेवण जाईना.

गाडी थंड असताना सुरू होताना ऐकायची, असं मी ठरवलं. जाड ऑइल तिथंच उघडं पडतं. पण आबा माझ्या आधी उठतात. फौजेत रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरनं ऑइल, पाणी, हवा, ब्रेक सगळं बघायचं असतं. त्याला फर्स्ट परेड म्हणतात. आबांनी नोकरी सोडली, पण ही परेड सोडली नाही. डिपस्टिक काढायची, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत काढून उजेडात धरायची, मगच चावी. आम्ही भावंडं राखुंडीनं दात घासत हे बघायचो.

तर त्या पहाटे मी पांघरूण डोक्यावर ओढून कान उघडे ठेवून पडून राहिले. शेडचं दार करकरलं. बॉनेट उघडलं. बॉनेट मिटलं. आता चावी फिरणार, तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

हा मिक्सर मीच आणून दिलेला. आई त्याला हात लावत नसे. मिक्सरची चटणी बेचव लागते, शेंगदाणे खलबत्त्यातच कुटायचे, हे तिचं ठाम मत. बाई आज झुंजूमुंजू व्हायच्या आत मिक्सर लावून बसली होती. तो थांबला तेव्हा बाहेर गाडी मऊ आवाजात चालू होती. मी उठून आत गेले.

"काय वाटलंस गं?"

"चटनी."

भांड्यात मूठभर शेंगदाण्यांचं पार लोणी झालं होतं, तेल सुटलं होतं. आईनं झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि चहा ठेवला. तिचा चेहरा इतका निष्पाप होता की हीपण यात सामील आहे, अशी माझी पक्की खात्री पटली.

मी मागच्या दारानं शेडकडे निघाले. दाराशी आईनं कुंड्या मांडल्या होत्या. आमच्याकडं काही वाया जात नाही. त्यातली एक कुंडी म्हणजे आडवा कापलेला ऑइलचा डबा होता, वर कोथिंबीर उगवलेली आणि छापलेली बाजू भिंतीकडं केलेली. मी तो फिरवला. वीस-डब्ल्यू-पन्नास.

मग माझी यादी फाडून टाकायची वेळ आली. जो माणूस उभ्या जन्मात डिपस्टिक बघितल्याशिवाय चावी फिरवत नाही, त्याच्या गाडीत कोण कुठलं ऑइल घालून फसवणार? तो डबा तसाच उचलून मी शेडमध्ये गेले.

"आबा, ह्ये तुमीच घातलंय."

"व्हय."

"थंडीत इंजिन कोरडंच घासतंय की. ठावं न्हाई का तुमास्नी?"

"मला नगं शिकवू." त्यांनी फडक्याला हात पुसले. "तुमी दोघं त्या दिवशी कान लावून बसला व्हता. आवाज वाढला की भंगार म्हनला. मग आवाजच काढून टाकला."

"आन् झिजलं म्हंजी?"

"झिजू दे की. बघू आदी कोन झिजतंय."

मी काही बोलणार तेवढ्यात ते गाडीकडे बघत म्हणाले, "फौजंत गाडी कंडम झाली की ड्रायवरला दुसरी मिळायची. हितं गाडी कंडम केली की ड्रायवर बी कंडम. तुमी त्या दिवशी गाडीचं बोलतच नव्हता, बाय."

मला त्यांचा राग आला, आईचाही आला. पण सगळ्यात जास्त लागलं ते हे, की या वयात या दोघांना स्वतःच्याच घरात आमच्यापासून चोरून वागावं लागत होतं.

त्याच दिवशी आम्ही गॅरेजला जाऊन ते जाड ऑइल काढून टाकलं. गॅरेजवाल्याच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता, त्याची मी माफी मागितली नाही. दहा-डब्ल्यू-चाळीस घातलं, म्हणजे सकाळी पुस्तकात म्हटलंय तेवढंच पातळ आणि तापल्यावर एक पायरी जाड. कटकट वरच्या व्हॉल्व्हांची निघाली, त्यांचं सेटिंग करून घेतलं. खालचा भाग ठणठणीत आहे म्हणून तो म्हणाला, तरी मी परत परत विचारलं. मग आबांना गाडी कराडपर्यंत चालवायला लावून शेजारी बसले आणि त्यांचे हात, आरसा, ब्रेक सगळं बघत राहिले. त्यांची काही चूक सापडली नाही.

"झाली का परीक्षा?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"झाली."

आवाज कमी झाला, पण गेला नाही. खऱ्या ऑइलमध्ये जुनं इंजिन थोडं बोलणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा पीत होते आणि भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "गाडीचं काय गं? आवाज वाढलाय का?"

बाहेर बॉनेट मिटल्याचा आवाज आला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी फोन कानाला धरून उठले आणि दुसऱ्या हातानं मिक्सर सुरू केला.

"काय चाललंय तिकडं?" तो ओरडून विचारत होता.

"आई चटणी वाटतीये," मी तितक्याच मोठ्यानं सांगितलं.

"रिकामं फिरवू नगंस, जळतंय त्ये," आई माझ्या कानाशी म्हणाली, आणि झाकण उचलून तिनं मूठभर शेंगदाणे आत टाकले.