गोमाच्या दगडावरचा चंद्र

सूर्य कोरून झाला होता. चंद्र आखायला गेरू उचलला, तोच भागीमावशीने माझं मनगट धरलं.

“चांद नको रं, मिस्तरी.”

मी पाथरवट. बोरघाटात रेल्वेच्या पुलांचे दगड घडवायचो. सुट्टी मिळाली की खोपोलीच्या आसपासच्या गावांत वारलेल्या माणसांच्या आठवणीचे दगड करायचो. मधोमध हात जोडलेला माणूस, वर एकीकडे गोल सूर्य, दुसरीकडे चंद्राची बारीक कोर. ते दोघं आकाशात आहेत तोवर नाव राहील, एवढाच त्याचा अर्थ.

“अगं, चंद्राशिवाय दगड होतो का कुठे?”

“माजा गोमा बोगद्यात गाडला गेला, काळोखात. आनी तू परत त्याच्या डोक्यावर रात लावतोस?”

गोमा तिचा एकुलता एक. सुरुंग उडाल्यावर बोगद्याचं छत खाली आलं. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. तिच्याकडे उरला होता तो हा दगडच.

गावचे पाटील शेजारी पान चघळत होते. म्हणाले, “चांद नाय, तर दगड रांगेत लागायचा नाय. मंग सणाला त्याला निवद कोन दावील?”

गावच्या गेलेल्यांचे दगड शिवेवर वडाखाली रांगेत उभे. रांगेबाहेर राहिला, तो विसरला गेला. मला पाटलांचा असा राग आला! पण रीत त्यांनी थोडीच काढली होती?

म्हातारी मनगट सोडेना. काम थांबलं. दुपार कलत होती, दगडाची भुकटी उन्हात तरंगत होती. डोळे जडावले, आणि दगडातला गोमा हळूहळू श्वास घेतोय असं वाटायला लागलं. किती वेळ बसलो कोण जाणे.

“मावशी, पुनवेला अंगणात दिवा लावतेस का गं?”

“कशाला? सुई पडली तरी गावते.”

“मग पुनवेचाच काढतो.”

तिने मनगट सोडलं. पाटलांनी पिंक टाकली. “चांदच हाय ना? मंग झालं तर!”

सबंध गोल कोरला, वाळूने घासून गुळगुळीत केला. दगड रांगेत उभा राहिला, तेव्हा मावशीने चंद्रावरून तळवा फिरवला, मग गोमाच्या तोंडावरून.

“जा रं बाळा, आता वाट दिसंल,” म्हणाली, आणि पहिल्यांदाच हंबरडा फोडला. मीही रडलो. लाजायचं काय त्यात?

तेव्हापासून चंद्र शेवटी काढतो, घरच्यांना विचारून. घाटाचं काम संपेपर्यंत बोगद्यात गेलेल्यांच्या घरी सगळ्यांनी पुनवच मागितली. बारीक कोर काढायची माझ्या हाताची सवयच गेली.