हेडलाइटवरची चिकटपट्टी

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात मोटारसायकलच्या शर्यतीला निघताना माझा थोरला भाऊ हेडलाइटवर चिकटपट्टी लावायचा. कुणी पडलं तर काचा मागच्याच्या चाकाखाली येऊ नयेत, म्हणून सगळेच लावत. ज्या शर्यतीत तो पडला आणि गेला, तिथेही काच नुसती तडकली. एकही तुकडा रस्त्यावर सांडला नाही.

वर्षभराने वडिलांनी गाडी विकली. न्यायला गडहिंग्लजहून आलेला माणूस नखाने पट्टी उचकटू लागला.

“पावणं, तेवढी काढू नका,” वडील म्हणाले. “पोरानं लावलीया.”

त्याने हात मागे घेतला. मग पाना मागून अख्खा हेडलाइटच सोडवला आणि वडिलांकडे दिला.

“मला नवा घालायचाच हाय की.”

गाडीचा आवाज येईनासा झाला, तरी वडील तो हेडलाइट पोटाशी धरून दारातच उभे होते.